विनाआरोहण अवलोकन

देवास संस्थानाच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन दप्तरं. पुढे देश स्वतंत्र झाला, दोन्ही पात्या विलीन झाल्या आणि त्यांच्यामधली हद्द मिटली. मालवा मराठी विद्याप्रसारक न्यासाच्या देवासच्या मुख्य कार्यालयात मात्र ही बातमी अजून रीतसर आवक झालेली नाही.

कार्यालय म्हणजे एक मोठा हॉल आणि त्याच्या मधोमध एक लोखंडी कपाट. कपाटापलीकडे आस्थापना विभाग, ती थोरली पाती. अलीकडे आवक-जावक विभाग, ती धाकटी. थोरलीच्या संगणकांवर विंडोज होतं. धाकटीकडे लिनक्स आलं, कारण ते फुकट मिळतं असं कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी बोललं, आणि फुकटच्या ठरावाला विरोध झाल्याची नोंद न्यासाच्या इतिहासात नाही. कपाटाखालून नेटवर्कची एक निळी वायर या बाजूची त्या बाजूला गेली होती. थोरलीच्या मुख्य संगणकाचं नाव ‘थोरली’, आणि त्यावर ‘सामायिक’ नावाचा एक फोल्डर. थोरलीनं तयार झालेले आदेश त्यात टाकायचे, धाकटीनं ते उचलून शाळांना रवाना करायचे. इतकं सोपं काम होतं, त्यामुळे त्याला नियम करणं भागच होतं.

नियम केले कार्यालय अधीक्षक गणपतराव फाळके यांनी. गणपतरावांचे पणजोबा थोरल्या पातीत दप्तरदार होते, आणि एका पातीतून दुसऱ्या पातीत कसं जावं हे ज्ञान घराण्यात मुरलेलं होतं. पलीकडच्या संगणकावरचा फोल्डर आपल्या संगणकाला रीतसर जोडून घेण्याला ‘माउंट करणे’ म्हणतात, असं त्यांना कळलं. त्यांनी शब्दकोश उघडला आणि त्याच दिवशी न्यासात ‘आरोहण’ हा शब्द रुजू झाला. मग आरोहण नोंदवही आली. आरोहणाचा अर्ज तीन प्रतींत आला. आरोहणाचा पासवर्ड लाखेची मोहोर केलेल्या पाकिटात गेला आणि पाकीट गणपतरावांच्या खणात गेलं. न्यासानं कागदविरहित कार्यालयाचा ठराव केला होता, म्हणून फक्त अर्ज, नोंदवही आणि पाकीट एवढंच कागदी ठेवलं.

जावक विभागात अल्पना शितोळे एकटीच होती. या टेबलावर आल्यापासूनच्या अकरा महिन्यांत तिच्याकडून एकही पत्र बाहेर गेलं नव्हतं, कारण तिच्याकडे एकही आलं नव्हतं. वार्षिक अहवालात याची ‘प्रलंबित प्रकरणे: शून्य’ अशी गौरवानं नोंद झाली आणि तिला एक शाल मिळाली. तिला शाल नको होती. तिला नवरा हवा होता. चिराग शितोळे न्यासाच्याच धारच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. धार ते देवास शंभर किलोमीटर, मध्ये इंदूरला गाडी बदलायची. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सहा वर्षांच्या जान्हवीनं शाळेत ‘माझे बाबा’ या विषयावर लिहिलं होतं की माझे बाबा सुट्टीच्या दिवशी असतात. बाईंनी त्यावर दहापैकी नऊ गुण दिले होते. चिरागनं बदलीसाठी अर्ज केल्याला चार वर्षं झाली होती.

त्या सोमवारी, नऊ तारखेला, अल्पना जान्हवीचा एक फोटो शोधत होती. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ‘नेटवर्क’ असं लिहिलेलं तिला दिसलं. आजवर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. क्लिक केल्यावर एक छोटं चित्र आलं आणि त्याखाली नाव आलं, ‘थोरली’. त्यावर क्लिक केलं. लिनक्सनं विचारलं, नाव आणि पासवर्ड देता का, की अनामिक म्हणून येता? ती अनामिक म्हणून गेली. समोर ‘सामायिक’ उघडला. आरोहण नाही, अर्ज नाही, पाकीट नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत चारशे बारा फायली होत्या. मांडूच्या सहलीला परवानगी होती. त्या वर्गातली पोरं आता कॉलेजात होती. रंगपंचमीच्या सुट्टीचं परिपत्रक होतं, तीन वर्षांपूर्वीच्या रंगपंचमीचं. लोहारद्याच्या शाळेला पाण्याची टाकी मंजूर झालेली होती. आवक विभागातल्या पियूषची बदनावरला बदली झालेली होती. गणपतराव फाळके यांचा सेवानिवृत्तीचा आदेश होता, चौदा महिन्यांपूर्वीचा, आणि शेजारी ‘निरोप समारंभ, भाषण, अंतिम’ अशी फाइल होती. आणि ‘किरकोळ’ नावाच्या फोल्डरात चिराग शितोळे, चित्रकला शिक्षक, धारहून देवासला बदली. दिनांक तीन. पंधरा दिवसांत, म्हणजे अठरा तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत रुजू व्हावे, अन्यथा आदेश आपोआप निरस्त समजावा.

अल्पनाला इतका आनंद झाला की तिनं शालीनंच डोळे पुसले. मग चिरागला फोन केला.

“झाली. सही झालीय. मी डोळ्यांनी पाहिली.”

चिराग धावत मुख्याध्यापिका कुसुमावतीबाईंकडे गेला आणि कार्यमुक्त करा म्हणाला. बाईंनी विचारलं, आदेश कुठंय. तो म्हणाला, देवासला, फोल्डरात. कुणी पाहिला? बायकोनं. कुसुमावतीबाई नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनी लगेच मुख्य कार्यालयाला विचारणा केली की, जो आदेश निघालेला नाही तो शितोळे यांच्या पत्नीस दिसला असल्याचे समजते, तरी कार्यमुक्त करावे किंवा कसे.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी अल्पनाला बोलावलं. त्यांचं टेबल कपाटाला टेकून होतं, अर्धं थोरलीत आणि अर्धं धाकटीत. संगणक धाकटीत होता.

“बाई, आपण आरोहण केलंत?”

“नाही काका. माउंट नाही केलं. फाइल मॅनेजरमधून नुसतं उघडलं. लिनक्समध्ये तसं दिसतं.”

“म्हणजे विनाआरोहण अवलोकन.” गणपतरावांनी ते सावकाश लिहून घेतलं. “बाई, आपल्यात मुलगी बघायला जायचं तर आधी निरोप धाडतात. मध्ये कुणी मध्यस्थ असतो. तिकडून होकार आला की मग पोहे. आपण थेट माजघरात शिरून मुलगी बघून आलात, आणि वर म्हणता, नुसतं बघितलं.”

“पण काका, मुलगी माझ्याच घरची आहे.”

“मग तर बघण्याचं कारणच उरत नाही.”

अल्पनानं विचारलं, तो आदेश माझ्याकडे जावक व्हायला का आला नाही? गणपतरावांनी नियम सात काढला. आदेश तयार झाला की थोरली पाती धाकटीला तशी सूचना देते. सूचना मिळाली की धाकटीनं आरोहणाचा अर्ज करायचा आणि सोबत त्या सूचनेची प्रत जोडायची.

“पण मला सूचना कधी आलीच नाही.”

“आली आहे. प्रत्येक वेळी आली आहे. सामायिक फोल्डरात ठेवलेली आहे.”

अल्पनानं बोटांवर हिशोब मांडला. सूचना बघायची तर आरोहण हवं. आरोहण हवं तर सूचनेची प्रत हवी. मग तिनं सरळ सांगितलं, “बरं, मी आत्ता अर्ज करते. करा आरोहण आणि द्या तो आदेश.”

“अर्जात फाइलचं नाव लिहावं लागतं.”

“लिहिते की. मला ठाऊक आहे.”

“कसं ठाऊक?” गणपतरावांनी चष्मा काढला. “बाई, गैरमार्गानं मिळालेल्या माहितीवर मी रीतसर अर्ज कसा घेऊ? ती माहिती आपण आधी विसरा. विसरल्यावर अर्ज करा.”

“विसरल्यावर अर्जात लिहू काय?”

“ते आपण बघा. मी सुचवणं बरं दिसणार नाही.”

शेवटी गणपतराव म्हणाले की मुळात असं काही दिसतं यावरच त्यांचा विश्वास नाही. आरोहणाशिवाय दिसत असतं तर आरोहण कशाला काढलं असतं? दाखवा बघू, आमच्याच संगणकावर. हॉलमधले सगळे उठून मागे उभे राहिले. अल्पनानं त्यांच्या संगणकाचा फाइल मॅनेजर उघडला. पत्त्याच्या पट्टीत एस एम बी, ही नेटवर्कवरच्या फोल्डरची खूण, लिहून पुढे थोरलीचं नाव टाकायचं होतं. तिनं एस दाबलं. पुढचा सगळा पत्ता, थोरली, सामायिक, अगदी सेवानिवृत्तीच्या फोल्डरापर्यंत, संगणकानं स्वतःच भरून टाकला, कारण त्या संगणकावरून त्या पत्त्यावर कुणीतरी नेहमी जात होतं.

गणपतरावांनी पंचनाम्यात लिहिलं, ‘संगणकास पत्ता आपोआप सुचला. याबाबत संगणकाकडून खुलासा मागविण्यात यावा.’

तेरा तारखेला चौकशी समिती बसली. न्यासाचे अध्यक्ष उदाजीराव मोहिते स्वतः प्रमुख होते. त्यांनी दोन नमुने काढले. नमुना अ, ‘मी काहीही पाहिलेले नाही.’ नमुना ब, ‘मी पाहिले आहे.’ कार्यालयात कर्मचारी बारा. अ नमुन्याच्या चाळीस प्रती छापल्या, ब ची एक.

अल्पनाला एकच आशा होती, नियम अकरा. एका व्यक्तीने केलेले अवलोकन हा गैरप्रकार. दोघांनी केल्यास ती प्रचलित पद्धत समजावी. हाही गणपतरावांनीच लिहिला होता, कुठल्या तरी वेगळ्या भानगडीसाठी. म्हणजे आणखी एकानं, फक्त एकानं ब भरला की विषय संपला. पद्धत ठरली, आदेश निघाला, चिराग आला. ती पियूषला घेऊन टेकडीच्या रस्त्यावरच्या टपरीवर गेली. त्यानं पोह्यांवर शेव मागितली, सोबत जलेबी घेतली.

“पियूष, तू पण बघतोस ना?”

“दीदी, मी तर रोज बघतो. सकाळी येऊन आधी तेच. मांडूवाली सहल, टाकी, जीजाजींची बदली, सगळं पाठ आहे मला. तीन तारखेलाच देखा था मैंने.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं ना, कसं कळलं म्हणून.”

“मग आता ब भर, भिया. एक सही. चिराग घरी येईल.”

पियूषनं जलेबी खाली ठेवली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “और मेरी बदनावर की बदली? ती पण त्याच फोल्डरात आहे, दीदी. देखा तो सब देखा. मग ती पण निघेल. पुढच्या महिन्यात सगाई आहे माझी, पोरगी देवासची. तिला काय सांगू, बदनावरला चल?”

अल्पना मग टेबला-टेबलाशी गेली. प्रत्येकाचं त्या फोल्डरात काहीतरी पडलेलं होतं, आणि न दिसण्यातच त्याची सोय होती. कुणाची विभागीय परीक्षा होती, कुणाची चौकशी होती, कुणाचं सणाच्या दिवशीचं हजर राहण्याचं फर्मान होतं. सगळे रोज बघत होते. गणपतराव बघत होते आणि निवृत्त न होता राहत होते. सगळ्यांनी तिला चहा विचारला, जान्हवी कितवीत गेली ते विचारलं आणि अ वर सही केली.

सोळा तारखेला समितीपुढे ती एकटीच उभी होती.

“बाई, आपण म्हणता तो आदेश तिथं आहे याला पुरावा काय?” उदाजीरावांनी विचारलं.

“साहेब, उघडून बघा ना. तुमच्यासमोरच संगणक आहे. बदल्यांच्या फोल्डरात...”

“बदल्यांच्या नाही, ‘किरकोळ’मध्ये आहे तो,” उदाजीराव म्हणाले.

सगळ्यांनी एकदम आपापल्या कागदात पाहिलं. गणपतरावांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘मा. अध्यक्षांनी प्रदीर्घ अनुभवाच्या आधारे अंदाज व्यक्त केला.’ मग त्यांनी अ नमुन्याची एक प्रत अल्पनापुढे सरकवली आणि मायेनं म्हणाले, “सही करा बाई. न पाहिलेल्या गोष्टीचा त्रास होत नाही. नोकरी राहील, शाल राहील.”

अल्पनाला राग आला. चांगला सणसणीत राग आला. चार वर्षांचे शनिवार आणि सोमवारच्या पहाटा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. बघितलं सगळ्यांनी आणि आंधळं व्हायचं तिनं? तिनं ब नमुन्याची ती एकुलती एक प्रत ओढली, सही केली आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, ‘पाहिले. स्पष्ट पाहिले.’

समितीनं तिच्या प्रामाणिकपणाची प्रशंसा केली आणि तिच्या संगणकाची नेटवर्कची वायर काढून घेतली. वायर गुंडाळून पाकिटात घातली, पाकिटावर मोहोर केली, पाकीट खणात गेलं. यापुढे कुणाच्याही संगणकावरून डोकावणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं. निर्णय यथावकाश कळवला जाईल, असं सांगण्यात आलं.

अठरा तारखेला संध्याकाळी सहाला चिरागचा आदेश निरस्त झाला. कुणी काही केलं नाही, तो आपला आपणच झाला. चिराग फोनवर म्हणाला, “जाऊ दे, शनिवारी येतोच आहे.” जान्हवीनं विचारलं, बाबा आता रोज येणार होते ना? अल्पना म्हणाली, येणार होते. त्या दिवशी तिला रडूही आलं नाही, नुसता थकवा आला. दुसऱ्या दिवशी तिनं चिरागच्या बदलीचा नवा अर्ज टंकून दिला. तीन प्रतींत.

वीस तारखेला समितीचा निर्णय झाला. उदाजीरावांचं म्हणणं पडलं की बाई प्रामाणिक आहेत, म्हणून धोकादायक आहेत. त्यांना काढता येत नाही, पण सामायिक फोल्डरपासून लांब ठेवणं न्यासाच्या हिताचं आहे. किती लांब? शंभर किलोमीटर पुरावेत. म्हणून शिक्षा म्हणून अल्पना शितोळे, जावक लिपिक, यांची धारच्या शाळेत बदली. शाळेच्या आवारातच दोन खोल्यांचं बिऱ्हाड, चिराग राहतो त्याच ओळीत. पंधरा दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा आदेश आपोआप निरस्त समजावा. उदाजीरावांनी सही केली. त्यांना वाटलं, फार कडक झालं.

आदेश नियमाप्रमाणे सामायिक फोल्डरात ठेवण्यात आला. शेजारी सूचनाही ठेवण्यात आली, ‘आदेश तयार आहे, कृपया आरोहण करून जावक विभागाने उचलावा.’

त्याच दुपारी पियूषनं तो पाहिला. तो उठून अल्पनाच्या टेबलापाशी आला, उभा राहिला, उन्हाबद्दल बोलला, “दीदी, चाय पिओगी?” म्हणाला आणि परत गेला. तीन वाजेपर्यंत बाकीच्यांनीही पाहिला. गणपतरावांनी दोनदा पाहिला आणि जाताना तिला पहिल्यांदाच ‘सूनबाई’ म्हणून हाक मारली. सांगितलं कुणीच नाही. सांगावं तर ती विचारणार, कसं कळलं? अ वर सही केलेली माणसं होती ती. आणि अल्पना ‘जावक’ या पाटीखाली, वायर काढलेल्या संगणकापुढे, मोकळ्या ट्रेकडे बघत बसलेली असते. वचन दिलंय, म्हणून कुणाच्या पडद्याकडे मानसुद्धा वळवत नाही.

तर आता अशी परिस्थिती आहे. अल्पनाची धारला बदली झाली, हे तिला एकटीला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही. तुम्ही कसलंही आरोहण न करता, अर्ज न देता, इथं आरामात बसून आत डोकावलात आणि पहिल्या फायलीपासून शेवटच्या आदेशापर्यंत सगळं पाहिलंत. नियम अकरा अजून लागू आहे, आणखी एक माणूस बोलला की पुरे. पंधरा दिवस वीस तारखेपासून मोजायचे. कार्यालयाचा पत्ता हवा असेल तर मागून घ्या.

नाही मागत? राहिलं. अ नमुन्याच्या अजून एकोणतीस प्रती शिल्लक आहेत. सही खाली, उजव्या कोपऱ्यात करायची.